बिनसरसाचा निळा

४ जानेवारी १९५८, शनिवार

सगळं आज सकाळी बदललं. काकूंची विमल गच्चीवर धुणं वाळत घालायला आली, माझ्या दारात थांबली, आत डोकावून म्हणाली, "इथे माणूस राहतो? आमची म्हैस नसती राह्यली." हसली. बादलीत उरलेलं पाणी माझ्या उंबऱ्यावर ओतून गेली.

काकूंचा भाडेकरू होऊन दीड वर्ष झालं. ते सगळं विमलला चोरून पाहण्यात गेलं, भिंती पाहिल्याच नव्हत्या. आज पाहिल्या. पोपडे. आधीच्या भाडेकरूंच्या तेलकट डोक्यांचे डाग. खाट टाकली की अंग आडवं करून चालावं लागतं. राजपुऱ्यात कोंबड्यांची खुराडी याहून मोठी असतील.

ठरलं. अशी करीन खोली की ती आत येईल अन् तिला जावंसं वाटणार नाही.

खिसा मात्र रिकामा. बापू गावाहून पाठवतात ते कॉलेजसाठी. कॉलेज दिवाळीआधीच सोडलं, ही बातमी त्यांच्या केळीच्या बागेत अजून पोचलेली नाही. आमचं शहर हिंदी राज्यात गेलं, त्या नव्या राज्याचा नवा प्रोफेसर, भर वर्गात: "मराठी बाबू, पहले बोलना सीखो." मी डस्टर फेकलं. नेम चुकला, एवढंच वाईट झालं.

८ जाने.

चहाच्या खोक्याची फळी केली. केळीच्या सोपटाची दोरी वळून टांगली, बोटं सोलली. एका हातमागवाल्याने कापडाच्या थानांचे उरलेले तुकडे दिले. लाल, पिवळे, एकच हिरवा. जोडून पडदा. टाके वाकडे, पण दुरून...

वर्गातला दिगू आला होता लोधीपुऱ्याहून. तो कॉलेजात टिकला म्हणून शहाणा. "क्या मजनू, घर बसा रहा है? दुल्हन से पूछा?"

ढकलला त्याला. डोकं फळीवर आपटलं. फळी पक्की आहे.

१२ जाने.

आज भिंती. चुन्यात नीळ घालून हवा तो रंग साधला, तापीच्या पलीकडे जैनाबादच्या वर सकाळी आभाळाचा असतो तसा. जिन्याखाली शेगडीवर सरस उकळत ठेवला, रंगात घालायला. काकू देवघरातून नाकाला पदर लावून धावत आल्या.

"काय शिजवून राह्यला रे रघू?"

"सरस. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून."

"जनावराचं कातडं? माझ्या शेगडीवर? गळ्यात तुळशीची माळ आहे माझ्या! फेक आधी!"

मी फेकायच्या आत त्यांनीच लाथेने भांडं गटारात घातलं. मग शेगडी शेणाने सारवली. मला अंघोळ करून यायला लावलं, या थंडीत.

दिगू म्हणाला, "सरसाशिवाय उतरेल रे. टेकेल त्याची पाठ निळी." मूठभर मीठ घातलं चुन्यात अन् मारला रंग. टेकतंय कोण!

१८ जाने.

टेकतो मीच. माझ्या सदऱ्यांच्या पाठी निळ्या झाल्यात. धुतो, वाळत घालतो, पुन्हा निळ्या.

२३ जाने.

आली. आत आली!

काकू देवळात होत्या. वि. पापडांची परात घेऊन गच्चीवर आली अन् परात ठेवून सरळ आत. खाटेवर बस म्हटलं, बसली नाही. खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. चांगली पाठ लावून.

"पडदा खाली ओढ. आखूड पायजम्यासारखा दिसतो."

ओढला.

"अन् आरसा कुठे आहे? बाईमाणसाने तोंड कुठे पाहायचं?"

बाईमाणसाने! म्हणजे कोणी? मी हात धरला. तिने सोडवला नाही. मग काकूंची हाक आली, मग सोडवला.

भिंतीवर तिच्या पाठीएवढी फिकट जागा राहिली आहे. तिकडे तोंड करून हे लिहितोय. उद्या आरसा आणायचा. घड्याळ विकेन.

२४ जाने.

खाली सकाळपासून आवाज.

"पाठ कुठे घासलीस? लुगड्याला मागे हे काय? हा निळा या घरात एकाच भिंतीला आहे. बोल, विमे!"

मग मार. वि. रडत नव्हती, तेच भयंकर. मी जिन्यात अर्ध्यावर होतो. आणखी चार पायऱ्या उतरलो असतो तर... काय म्हणणार होतो? कॉलेज नाही, नोकरी नाही. बापू. तिथेच उभा राहिलो. डस्टर फेकणारा मी.

काकूंनी वर पाहिलं नाही.

२५ जाने.

वाटलं होतं, सामान रस्त्यावर फेकतील. उलट दुपारचं ताट वेळेवर आलं. वर एक लाडू. "खा रे रघू, वाळलास अभ्यासाने." लाडू कावळ्यांना घातला.

धुणं वाळत घालायला आता काकू येतात.

२ फेब्रु.

ठरलं. विमलचं. भुसावळचा आहे, रेल्वेत. म्हणजे मुंबई राज्यात. काकू सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "पोरगी मराठी मुलखात जातेय, सुटली." मला जिन्यात गाठून मुद्दाम पेढा दिला. तोंडात घालेपर्यंत हलल्या नाहीत.

आरसा लावलाय. त्यात तोंड पाहतो. तिची म्हैसही इथे नसती राहिली, तेच बरोबर.

१४ फेब्रु.

काकू वर आल्या. फळीवरून बोट फिरवलं, पडदा चिमटीत धरला.

"किती छान केलीस रे खोली. आमच्या अख्ख्या घरात अशी नाही."

मी पडद्याचं टोक त्यांच्या चिमटीतून सोडवलं.

"वऱ्हाडाला जानवसा शेजारी दिलाय. पण नवरदेवाला निवांत जागा नको? हीच देऊ. तू चार दिवस दिगूकडे जा."

मी आरसा सरळ केला.

"अन् भिंतींवर एकदा हात फिरव. या वेळी सरस घाल. माझ्या शेगडीवर उकळ, मीच पेटवून देते."

"अन् तुमची माळ?"

"तेवढ्यापुरती काढून ठेवीन. जावयाचा कोट पांढरा आहे, बाबा."

मग त्या फिकट जागेवर पंजा टेकवला. "गादी इथे टाकू. टेकायला बरी." पंजा पाहिला. निळा. माझ्याच टॉवेलला पुसला.

२१ फेब्रु.

रंग दिला. तीन भिंतींना भरपूर सरस. काकू खरंच माळ काढून शेगडीपाशी बसल्या, वारा घालत. घर घाणेरडं घमघमलं.

चौथ्या भिंतीला, गादीच्या मागे, वेगळ्या डब्यातला. बिनसरसाचा. नीळ दुप्पट.

टेक लेका. पांढऱ्या कोटाने टेक. निळी पाठ घेऊन मांडवात फीर, सगळ्या वऱ्हाडासमोर. खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

२२ फेब्रु.

वि. भेटली. जिन्यात, दोन मिनिटं. हातांना हळद.

मी म्हटलं, "मला माफ कर. रंग उतरतो हे सांगायला पाहिजे होतं तुला."

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुझे सदरे कुठे वाळतात? माझ्याच दोरीवर. पाठी निळ्या. मी काय आंधळी आहे?"

"मग टेकलीस कशाला?"

"आईने बघावं म्हणून. ती विचारेल, तू खाली येशील, बोलशील. सरळ विचारलं असतं तर तू वर्षभर पडदेच शिवले असतेस." मग म्हणाली, "जिन्यात पाय दिसत होते तुझे. मार खाताना मी तेच पाहत होते."

हळदीचे हात पदराला न लावता वर धरून गेली.

आता कळतंय. कोटावरचा निळा लुगड्यावरचाच, हे काकूंना कळेल, मावश्यांना कळेल. पाठीवरच्या मारासकट सगळी कुजबूज पुन्हा उठेल, अन् नवरदेवाने विचारलं तर? त्याला कोण काय करणार? तिला...

सरस उरलेला नाही. शेगडीवर बुंदी चालू आहे.

२३ फेब्रु. दिगूकडे.

सकाळी पडदा काढला. गादीच्या मागे खिळ्यांनी ठोकायचा, भिंत झाकायची, एवढंच. एक खिळा ठोकला अन् जिन्यावर बूट वाजले. वऱ्हाड आधीच्या गाडीने आलं.

तो बरा आहे. हसरा. पांढरा कोट. "वा, कितनी ठंडी खोली! तुम्ही सजवली?"

"हो."

"मग पडदा का काढता? राहू द्या की."

मागून काकू. "रघू! जाता जाता पडदापण नेतोस? लाज नाही?" हिसकावला हातातून. खिडकीला परत लावला, पुन्हा आखूड. ठोकलेला खिळा उपटून माझ्या हातात दिला.

तो गादीवर बसला. सासुरवाडी म्हणून ताठ बसला होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काही राहिलं का तुमचं?"

खाली विमलला कोणी तरी हाक मारली.

मी म्हटलं, "नाही."

त्याने पाय पसरले. अजून टेकला नव्हता. मी ट्रंक उचलली, बाहेर आलो, अन् दार ओढून घेतलं.