समोरच्या खोलीतील मशिनी आणि गोधड्या यांची व्यवस्था

मी, महादेवराव सखारामजी डेकाटे, वय अडुसष्ट, पूर्वी रेल्वेत मालबाबू, आता काहीच नाही, राहणार पुलगाव, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बाकीचे शरीर आपापल्या सोयीने निघून चालले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचे त्राण नाही, म्हणून हेच शेवटचे समजावे.

१. राहते घर, समोरची खोली वगळून, माझा एकुलता मुलगा चि. प्रभाकर याला मिळावे. तो डेपोत नोकरीला असून क्वार्टरमध्ये राहतो आणि घराकडे सणावाराला येतो. मागचे न्हाणीघर गळते. ते दुरुस्त करून घे म्हणून मी त्याच्या मागे लागून थकलो. आता घर त्याचे, गळतीही त्याचीच. पोस्टात जे काही असेल तेही त्याने घ्यावे, पण माझ्या तेरवीवर उधळू नये. जेवायला येणाऱ्यांपैकी निम्मे मला जिवंतपणी ओळख देत नव्हते.

२. समोरच्या खोलीत माझ्या शिवणाच्या मशिनी आहेत. पहिली मी निवृत्तीच्या आधी बेवारस पार्सलांच्या लिलावात घेतली. ती गंजून एकसंध गोळा झाली होती. माझी पत्नी कै. मनकर्णाबाई दारातच म्हणाली, "हे काऊन आणलं? आता लोखंड खाता का?" मी ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, एकेक स्क्रू सोडवला, नवा चामडी पट्टा लावला. ती चालू लागली तेव्हा मनकर्णा स्वयंपाकघरातून हात न पुसताच आली आणि जुन्या पोलक्याला टीप मारून बघू लागली. त्यानंतर लोक आपल्या मोडक्या मशिनी आणून देऊ लागले, काही तर कायमच्याच टाकून गेले.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगून काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे शिवणाच्या मशिनी वापराने मरत नाहीत, पूजेने मरतात. दसऱ्याला लोक तिला हळदकुंकू वाहतात, गुलाल टाकतात आणि सणाच्या दिवशी तिलाही काही मिळावे म्हणून तेलाच्या प्रत्येक भोकात घरातले गोडेतेल सोडतात. दिवाळीपर्यंत आत त्याचा डिंक होतो, चाक जागचे हलत नाही, आणि मग मशीन कंपनीने खराब दिली म्हणतात. माझ्या मशिनींची पूजा हात जोडून लांबून करावी. तेल मशीनचेच घालावे.

पायमशिनी आणि सुट्या भागांचा पेटारा माझे मित्र बबनराव राऊत यांना द्यावा. त्यांना यातले कळते आणि ते उसने नेलेले स्क्रूड्रायव्हरही कधीतरी परत करतील. प्रभाकरला एकही मशीन देऊ नये. "भंगारवाल्याले देऊन टाका न बाबा, जागा अडून राह्यली," असे तो माझ्यासमोर, मशिनींसमोर बोलला आहे.

३. गोधड्यांविषयी. मनकर्णा गेली तेव्हा तिची एक गोधडी अर्धी राहिली होती, सुई तशीच टोचलेली. ती पुरी करून द्यावी म्हणून मी भागाबाई मडावी हिला बोलावले. भागाबाई विधवा असून लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरते. तिने गोधडी उलटून पालटून पाहिली आणि म्हणाली, "घरच्या माणसाचा हात लागला पाह्यजे हिले. तुमी त्या बाजूनं बसा बाबूजी, मी ह्या बाजूनं बसतो." मशीन उघडणाऱ्या माणसाला सुई धरता येते असा माझा गैरसमज होता. माझे टाके पाहून ती पदर तोंडाला लावून हसली.

गोधडी समोरासमोरच्या काठांवरून शिवत आत यायचे असते. रोज दुपारी थोडी थोडी. पहिल्या दिवशी दोघांमध्ये अख्खे लुगडे पसरलेले असते, मग अंतर कमी होत जाते. मध्ये हातभर जागा उरली की भागाबाई सुई टोचून ठेवायची आणि उठायची. "मंधातलं तुमीच करा, बाबूजी." मनकर्णाच्या गोधडीनंतर आम्ही कितीतरी गोधड्या शिवल्या, पण मधला भाग प्रत्येक वेळी मी एकट्याने शिवला. त्या दुपारी मी सुखी होतो. एवढे लिहायला मला कोणाची परवानगी नको.

मनकर्णाची गोधडी प्रभाकरने घ्यावी. तिच्यात त्याच्या आईचे हिरवे लुगडे आहे आणि त्याची शाळेतली खाकी चड्डी आहे. ती चड्डी गोधडीत कुठे आहे ते त्याने शोधून काढावे. बाकीच्या गोधड्या सूनबाईने वाटाव्यात. गेलेल्या माणसाचे अंथरूण आपण घाटावर टाकतो, तेव्हा घाईगर्दीत कोणी गोधडी उचलून नेईल या धास्तीने मी हल्ली चादरीवर निजतो. थंडी वाजते. टाकायची तर ती चादर टाकावी.

४. समोर राहणारे अण्णाजी कडू यांना समोरच्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून काढून द्यावे. भागाबाई शिवायला येई तेव्हा ते दार मी भर पौषातसुद्धा सताड उघडे ठेवले, ते केवळ अण्णाजींना ओट्यावरून नीट दिसावे म्हणून. तरीही त्यांना जे दिसले नाही तेच त्यांनी गावभर सांगितले. त्यापायी भागाबाईची दोन घरची कामे सुटली. त्यांच्यासाठीच उघडे राहिलेले दार आता त्यांनीच ठेवावे. खोलीला नवे बसवावे.

५. काळी हातमशीन आणि समोरची खोली भागाबाईला तहहयात द्यावी असे माझ्या मनात होते. तिचे डोळे आता हातशिवणीला साथ देत नाहीत, मशीन असेल तर तिचे निभेल. मी तसे तिला सांगितले. ती माझ्यावर एवढी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती.

"माह्या नावानं कागदावर काई लिहू नका. तुमी तर मरून जासान. मले ह्याच गावात राहाचं हाये. अण्णाजी म्हणन, पाहा, मी म्हनत नवतो का?"

मी म्हटले, मग तू खाशील काय? ती म्हणाली, "आजवर काय खाल्लं मी?" आणि निघून गेली. आठ दिवस आली नाही. ते दिवस मला फार जड गेले.

नाही दिले तर ती उघड्यावर, दिले तर तिची अब्रू उघड्यावर. या घोळात मी महिनाभर पडलो होतो. शेवटी माझी सून सौ. कोकिळा, जिला मी आजवर चहाव्यतिरिक्त काही मागितले नव्हते, स्वतः म्हणाली, "मामाजी, खोली अन् हातमशीन माह्या नावानं करा. माह्या खोलीत शिवाले कोण येते, ते मी पाहीन. अण्णाजीले उत्तरही मीच देईन." त्याप्रमाणे समोरची खोली आणि काळी हातमशीन सौ. कोकिळाला दिली आहे. कोणतीही अट घातलेली नाही. प्रभाकरने मध्ये पडू नये.

६. भागाबाईच्या नावे या कागदात काहीही नाही, हे सर्वांनी नीट वाचावे. वर्ध्याच्या वकिलांनी मला सांगितले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही. हे मी भागाबाईच्या कानावर घातले. तिने हातातला दोरा ओढून गाठ मारली. मग म्हणाली, "मंग मीच करतो न साक्ष. लोकायले कागदच सांगन, बाईनं काई नाई घेतलं."

म्हणून आज बबनरावांसोबत तिला बोलावले आणि हा कागद इथपर्यंत वाचून दाखवला. कलम तीन ऐकून ती म्हणाली, "खोडा ते." मी खोडलेले नाही.

७. बबनरावांना मशिनी देणे असल्यामुळे वकिलांच्या सांगण्यावरून त्यांची सही घेतलेली नाही. दुसरी साक्ष शाळेतील निवृत्त शिक्षिका सुलोचनाबाई वानखेडे यांची आहे.

८. मी गेल्यावर भागाबाईला निरोप पाठवून बोलवावे. साक्षीदार आहे, बोलावणे भाग आहे. ती मागच्या दाराने येईल, तिला पुढून आत आणावे आणि घरच्या बायकांत बसवावे. का आली असे कोणी विचारू नये. तिला रडू आले तर रडू द्यावे. साक्षीदाराने रडू नये असा कायदा नाही, मी वकिलांना विचारून घेतले आहे.

पुलगाव, दिनांक १४ डिसेंबर १९८४

सही: महादेवराव सखारामजी डेकाटे

आम्हा दोघींच्या समक्ष त्यांनी सही केली:
१. सुलोचनाबाई वानखेडे, सही
२. भागाबाई, कै. सोनबा मडावी यांची पत्नी, डाव्या हाताचा अंगठा