नाव झाकलेला लेख

ती. ताईस,

तुझ्या तापट भावाचा वाकून नमस्कार.

मंगळवारी दुपारी तिचा लेख माझ्या टेबलावर आला आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. हो, तीच. जिने लग्नाला नाही म्हटल्यावर मी परीक्षेतून उठून आलो.

काळजी करू नकोस, वेळेवर जेवतो. विद्यापीठाच्या या कायद्याच्या नियतकालिकात लेखावरचं नाव काढून तो परीक्षकाला पाठवायचा, हे माझं काम. उरलेल्या वेळात जुन्या फायली चाळून नियतकालिकाचा इतिहास लिहितो. दिवसभर बोलायला कुणी नसतं. घरी अजून माझा विषय निघतो का गं?

आज परीक्षकाचा शेरा आला, ‘विचार कच्चा, छापू नये.’ माझं डोकंच फिरलं. तो खणात कोंबून मी कौतुकाचा खोटा शेरा टाइप केला.

मग फायलीत सापडलं की पहिल्या अंकासाठी तेव्हाच्या संपादकांचा स्वतःचाच लेख परीक्षकांनी नाकारला होता. आताच्या संपादकबाई क्वचित येतात, आज आल्या होत्या; त्यांना विचारलं, “मग त्यांनी काय केलं?”

“काय करणार? वर्षभर बसून पुन्हा लिहिला. तुझ्यासारखं परीक्षेतून उठून नाही गेले!”

मी जागेवर परत आलो. खोटा शेरा फाडला, खरा पाकिटात घातला. वर तिचा पत्ता लिहिला. खाली फक्त ‘कार्यालय’ लिहायची रीत आहे, तेवढंच लिहिलं.

आईचे गुडघे कसे आहेत? परीक्षेचा फॉर्म पुन्हा मिळतो का, भावजींना विचार.

टपाल निघायची वेळ झाली. तिचं आणि तुझं, दोन्ही पाकिटं घेऊन निघतो. दार ओढून घेतो.

तुझा धाकटा