एक ते पाच

३ मार्च, सोमवार
परत एक! पाचपैकी एक. कोणत्या गिऱ्हाइकाने दिला ते दुरुस्तीच्या कामांचं अ‍ॅप सांगत नाही. काल सरासरी ४.७ होती, आज ४.६. साडेचारच्या खाली गेलं की खातं बंद. पंख्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. मुकादम शिव्या द्यायचा — पण निदान तोंडावर!

हे म्हणतात, तुझी मजा आहे, ना साहेब, ना भोंगा. साहेब नाही म्हणे. पर्समध्ये घेऊन फिरते मी त्याला.

४ मार्च
संशय वॉशिंग मशीनवाल्यावर. दारातच विचारलं, "बाईमाणूस पाठवली?" मशीन नीट चालू करून दिलं, तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्याचंच काम. मेल्याचं मशीन पुन्हा बंद पडो.

५ मार्च
मास्तरीणबाईंच्या इमारतीत पुन्हा. शाळेतून रिटायर झाल्यात. गेल्या आठवड्यात त्यांचा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून शेजारणींना सांगतात, हिलाच बोलवा. चहा देतात, खुर्चीवर बसवतात. असं दुसरं कुठलंच घर नाही. आज तिथे दोन पंखे केले, गप्पा झाल्या, बरं वाटलं.

संध्याकाळी बघते तर आणखी दोन एक! ४.५. लेकीची फी ह्याच कामावर आहे.

६ मार्च
लेक म्हणाली, आई, जरा हसून बोलत जा. गाल दुखेपर्यंत हसते. आता काय नाचू?

संध्याकाळी त्याच इमारतीत एक इस्त्री. शेजारीणबाई खूश.

७ मार्च
खातं बंद. सकाळी सव्वासातला. कंपनीला फोन लावला, तर यंत्र बोललं. त्यालाच चार शब्द सुनावले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

९ मार्च, रविवार
टेस्टर मास्तरीणबाईंकडे राहिला होता, आणायला गेले. बाई खुशीत. म्हणाल्या, "मी तुला एक दिला. सगळ्या शेजारणींनाही बजावलंय, एकच दाबा. अगं, पहिला नंबर! बक्षीस मिळालं का?"

चाळीस वर्षं मुलांचे नंबर काढलेली बाई.

म्हटलं, मिळालं. निघताना त्यांच्या वहीत माझा फोन नंबर लिहून आले. दहाच्या दहा आकडे.