चार सेकंदांची मॅच

हार्मन फॉल्स, आयोवा
१२ एप्रिल, शनिवार

प्रिय ओडी,

कशी आहेस? मी मजेत. तुझी मम्मी कशी आहे? ती चालवते ती स्कूल बस कशी आहे?

आधी हे सांगते की आयुष्यात लिहिलेलं हे माझं पहिलं खरंखुरं पत्र आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, त्यामुळे दुसरा रस्ताच उरला नाही. पत्ता मिळाला तो नाताळात मम्मीने पाठवलेल्या फजच्या, त्या चॉकलेटी वड्यांच्या, खोक्यावरून. (फज तीन दिवसांत संपलं. खोकं ठेवलंय, त्यात मोजे ठेवते.) स्टॅम्प पाकिटाच्या कुठल्या कोपऱ्यात लावायचा असं पोस्टातल्या काकांना विचारलं, तर ते इतके हसले की माझ्या मागची रांगसुद्धा हसायला लागली.

इथल्या बातम्या. जिमची जमीन घासून नवीन पॉलिश मारलंय, त्यामुळे आठवडाभर बाहेर, पार्किंगमध्ये बास्केटबॉल ड्रिबल करतोय. वास असा की डोकं गरगरतं. तीन मुलींनी दुसऱ्या कॉलेजात जायला पोर्टलमध्ये नाव टाकलं. रोज कोणीतरी जातं नि कोणीतरी येतं. लॉकरवरच्या नावाच्या पट्ट्या काढल्या की खाली गोंदाचे चौकोन राहतात ना, ते आम्ही खरवडून साफ केले. तुझा राहिलाय. राहिलाय म्हणजे, मीच राहू दिला.

आणि आता आधी खाली बस. मला कॅप्टन केलंय! मलाच. पाच फूट तीन इंच, बुटांसकट. मुलींनी मतं दिली. कोच रेन्स्ट्रा म्हणाल्या, "टिली, आवाज तेवढा कमी कर, बाकी सगळं जमेल." मी म्हटलं, "आवाज कमी केला तर मी दिसणार कशी?" तू असतीस तर माझ्या डोक्यावर टॉवेल फेकला असतास.

तुझ्या गावच्या कॉलेजने टाकलेला व्हिडिओ पाहिला. तू पळतेयस! गुडघ्याला पट्टा न लावता! मी चार वेळा पाहिला. बरं, सोळा वेळा.

अपीलचं काय झालं? तुझ्या गावचं कॉलेज पंधरा मेपर्यंतच तुझी जागा धरून ठेवणार आहे ना? रोज डोक्यात तेच घोळतं. शिक्षण तर तू कुठेही करशील, पण खेळायचं वर्ष परत मिळालं तरच टीममध्ये जागा. आणि तिथलं जिम मम्मीच्या बस डेपोपासून दहा मिनिटांवर. चार वर्षं तू इथे खेळलीस आणि ती एकदा आली. नऊ तास गाडी चालवून आली, आणि त्या दिवशी नेमकी बर्फामुळे मॅच रद्द.

नियम मला आता झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो. कॉलेजात खेळायला चारच सीझन मिळतात. पण सीझनच्या पहिल्या अर्ध्यात दुखापत झाली, थोड्याच मॅच झालेल्या असल्या आणि नंतर कोर्टवर पाऊल टाकलं नाही, तर तो सीझन धरत नाहीत. वर्ष परत मिळतं. या सीझनला तू सहाच मॅच खेळलीस आणि गुडघा गेला. म्हणजे ते वर्ष तुझंच होतं.

पण मग बावीस फेब्रुवारी.

शेवटच्या वर्षाच्या मुलींची घरच्या कोर्टवरची शेवटची मॅच. तेव्हा तुझं ठरलं होतं की खेळ संपला, आता नोकरी. म्हणून मला वाटलं, जाता जाता एक बास्केट तरी. समोरच्या टीमच्या कोचला फोन मीच केला होता. त्या लगेच हो म्हणाल्या, अशा वेळी सगळेच म्हणतात. सुरुवातीचा चेंडू तुझ्याकडे, त्यांच्या पाचही जणी हात खाली सोडून उभ्या, तू लंगडत बोर्डापर्यंत गेलीस आणि अलगद टाकलास. मग त्यांना एक फुकट बास्केट, आणि तू बाहेर. चार सेकंद. अख्खं जिम रडत होतं, पॉपकॉर्नवाल्या आजीसुद्धा. मम्मी बँडच्या पोरांना कुठल्यातरी स्पर्धेला घेऊन गेली होती, तिने बस बाजूला लावून फोनवर पाहिलं.

त्या चार सेकंदांमुळे कागदावर तू फेब्रुवारीत "खेळलीस".

मार्चमधल्या त्या मीटिंगबद्दल पण लिहायचं होतं. पण आज शनिवार, पोस्ट बारा वाजता बंद होतं, त्यामुळे इथेच थांबते.

तुझी (अजून असेन तर),
टिली


हार्मन फॉल्स
२० एप्रिल, ईस्टरचा रविवार

प्रिय ओडी,

उत्तर आलं नाही. बरोबरच आहे.

पोस्ट एक वाजता बंद होतं. मी मुद्दाम बारा लिहिलं होतं.

आज सगळे घरी गेलेत, होस्टेलमध्ये मी आणि व्हेंडिंग मशीन. आई फोनवर म्हणाली, हॅमचा मोठा तुकडा तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय, का आली नाहीस? मी म्हटलं, एक काम आहे. हे ते काम.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी मी कोचना तुझ्या बास्केटबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला आवडलं. पण आधी लुंडग्रेनबाईंना विचार. नियमांचं त्या बघतात." मी तशीच पळत गेले. ऑफिसचं दार बंद. बाई मुलांच्या टीमबरोबर बाहेरगावी. मग मी एक पिवळी चिठ्ठी लिहून दारावर चिकटवली. "उद्या ओडीला चार सेकंद खेळवायचंय. चालेल ना? नाही म्हणायचं असेल तर फोन करा. टिली." खाली तारीख आणि माझा नंबर.

फोन आला नाही. म्हणजे चालेल. असं मी धरलं.

शनिवारी सकाळी कोचनी विचारलं, "विचारलंस का गं?" मी म्हटलं, "हो कोच." विचारलं तर होतंच की! दाराला विचारलं होतं.

आणि मग तू. लॉकर रूममध्ये गुडघ्याचा पट्टा आवळता आवळता तू म्हणालीस, "ए शेंगदाणे, याने पुढेमागे काही लफडं नाही ना होणार? उगाच आपलं विचारून ठेवते." आणि मी, ओडी, डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं, "लुंडग्रेनबाई हो म्हणाल्यात. तू फक्त बास्केट चुकवू नकोस, नाहीतर आयोवाभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तू विचारलंस आणि मी हो म्हटलं, एवढं तुला माहीत आहे. चिठ्ठीचं माहीत नाही, आणि यापुढचंही.

सोमवारी सकाळी त्यांच्या ऑफिसवरून चालले होते. चिठ्ठी तिथेच होती, एक कोपरा सुटलेला. बाई अजून यायच्या होत्या. मी ती काढून खिशात टाकली. स्वतःला म्हटलं, आता काय उपयोग, झालं ते छान झालं. पण खरं ते नाही. मला भीती वाटली की त्या वाचतील आणि "नाही" म्हणतील. म्हणजे कुठेतरी मला माहीत होतं. ज्याला शंभर टक्के खात्री असते तो चिठ्ठी काढत नाही.

मग मार्चमध्ये तू म्हणालीस की तुला अजून खेळायचंय, तुझ्या गावच्या कोचचा फोन आला, आणि त्यांच्या ऑफिसने रेकॉर्ड काढलं, त्यात ते चार सेकंद निघाले. मग ती मीटिंग. लुंडग्रेनबाई म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही." कोच म्हणाल्या, "जबाबदारी माझी." तू म्हणालीस, "पण मी विचारलं होतं." बाई म्हणाल्या, "कोणाला?"

तू माझं नाव घेतलं नाहीस. नुसतं माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

नाडी सुटलेली नव्हती.

बाईंनी लिहिलं, खेळाडूने खात्री करून घेतल्याचा काही पुरावा नाही. मला कळत होतं त्या काय लिहितायत. मी नाडीची दुसरी गाठ मारत होते.

आता परवाचं. शुक्रवारी लुंडग्रेनबाईंकडे गेले. चिठ्ठी मी फेकली नव्हती, केमिस्ट्रीच्या पुस्तकात खूण म्हणून घातली होती. (धडा चौथा. यावरून माझ्या अभ्यासाची कल्पना येईल.) त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"ही माझ्या दारावर होती?"

"हो."

"आणि काढली कोणी?"

"मी."

"ओडेसाने तुला विचारलं होतं?"

"हो. आणि मी सांगितलं की तुम्ही परवानगी दिलीय."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "बाळा, यावर तुझंही नाव आहे. हे कळतंय ना तुला?"

मी म्हटलं, "माझं अक्षर आहे म्हटल्यावर दुसऱ्या कोणाचं म्हणता पण येणार नाही."

त्या हसल्या नाहीत. पण खुर्ची पुढे ओढून टाइप करायला बसल्या. दोन पानं झाली. मी सही केली. मग कोचकडे जाऊन तेच सगळं तोंडाने सांगितलं, ते सहीपेक्षा अवघड गेलं. बाई म्हणाल्या, "एवढ्याने तिचं वर्ष मिळेलच असं मी म्हणत नाही. पण आजपर्यंत अपील बघणाऱ्या कमिटीसमोर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे." कागद त्याच दुपारी गेले. एक प्रत या पाकिटात आहे, तुझ्या कोचना दाखव.

मी माफी मागत नाहीये. म्हणजे मागायची आहे, खूप, पण मग तुला त्यावर काहीतरी बोलावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर कशाला.

माझं इथे काय व्हायचं ते होईल. तू पळत राहा. डाव्या पायावर जोर जास्त येतोय तुझा, व्हिडिओत दिसतं. सोळाव्यांदा पाहताना लक्षात आलं.

टिली हास्कॅम्प
(त्या कागदावर केली तशीच, पूर्ण नावाने)


केल्सो क्रीक, केंटकी
१५ मे

शेंगदाणे,

"प्रिय" लिहायचं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी मम्मी म्हणाली, "नुसतं नाव लिही आणि पुढे चल, कागद काय पळून जातोय?"

मिळालं. वर्ष मिळालं.

मंगळवारी फोन आला तेव्हा आम्ही डेपोत होतो. मम्मी बस झाडत होती आणि मी खिडक्या लावत होते. कमिटीचं म्हणणं, खेळाडूने विचारलं होतं आणि तिला कॉलेजकडून चुकीचं सांगितलं गेलं, तिचा दोष नाही. मी मम्मीला सांगितलं. ती जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. डेपोतले सगळे लोक बाहेर आले. कोणीतरी ओरडलं, "अगं बाई, आग लागली की काय?" ती म्हणाली, "नाही! माझी पोर खेळणार आहे!"

मी अजून रागावलेली आहे. त्या बास्केटवर नाही, हे नीट ऐक. तो बास्केट मला हवा होता. तो टाकल्यावरच मला कळलं की माझं संपलेलं नाही. राग आहे तो त्या नाडीवर. तो जायला वेळ लागेल. पण मी ते पत्र घडी घालून ठेवलंय, तेसुद्धा नीट, चुरगाळून नाही.

लुंडग्रेनबाईंचा फोन आला होता. तुझं कॅप्टनपद गेलं आणि पुढच्या सीझनच्या पहिल्या चार मॅच तू बाहेर, हे त्यांच्याकडून कळलं. "एका सेकंदाला एक मॅच," असं कोच म्हणाल्या म्हणे. दोन पानं भरून लिहिलंस आणि स्वतःचं एका ओळीत उडवलंस. मम्मी म्हणाली, "हिला फज पाठवायला हवं." मी म्हटलं, "एवढ्यात नको." तिने पाठवलंय.

ब्लॉक काढलेला नाही. पत्रं लिही. तुझं अक्षर भयंकर आहे, पण आम्ही दोघी मिळून लावतो.

डाव्या पायाचं बरोबर आहेस. फिजिओ पण तेच म्हणाला.

आता मुद्द्याचं. आमच्या कोचनी पुढच्या सीझनचं वेळापत्रक दाखवलं. नोव्हेंबरात तुमची टीम इथे येतेय, आमच्या जिममध्ये. तुमची ती पाचवी मॅच आहे. मी मोजून पाहिलं, मग मम्मीने मोजलं.

ती पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या दिवसाची सुट्टी तिने आत्ताच टाकली. मी चेंडू घेऊन बोर्डाकडे येईन तेव्हा मध्ये तूच उभी राहायचंस, दुसरी कोणी चालणार नाही. मागच्या वेळी पाच जणींनी मला रस्ता दिला होता. तू हात खाली ठेवलेस तर याद राख.

हात वर, शेंगदाणे. दोन्ही.

ओडी