शववाहिनीतून फायनलला

आदरणीय भाऊजींना,
धाकट्या भावजयीचा दमलेला नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? जाऊबाईंचा खोकला गेला का? आम्ही ठीक, म्हणजे अजून उभे आहोत.

गल्लीतल्या मुलांचा फुटबॉल क्लब "आपण चालवू" असं तुमच्या भावाने भर सभेत सांगून टाकलं (आपण म्हणजे मी, हे घरी आल्यावर कळलं). तेव्हापासून मैदानाचं भाडं वाढतंय, चेंडू महागलेत आणि पंच तर शिट्टीच्या आधी हात पुढे करतो. वर्गणी वाढवू म्हटलं, तर शिंपीणबाईंची जुळी मुलं म्हणाली, "काकू, मग आम्ही आळीपाळीने येऊ." आता बोला! माझी काही वर्गणी वाढवायची छाती झाली नाही.

मग मदत मागत दारोदार फिरले. बेकरीवाल्याने मंदीचं रडगाणं गायलं, चष्मेवाल्याने ओळखच दाखवली नाही. शेवटी ज्याच्या धंद्याला मंदी ठाऊक नाही असा एकच माणूस हो म्हणाला, तो शववाहिनीवाला. बसभाडं परवडत नाही म्हटल्यावर त्याने गाडीच देऊ केली. अडला हरी! आता आमचा संघ त्यातूनच सामन्यांना जातो. रस्त्यात लोक थांबून हात जोडतात आणि आतून ही कार्टी हात हलवतात (परवा एक आजोबा सायकलवरून पडता पडता वाचले). समोरचा संघ तर आमची गाडी बघूनच अर्धा गार होतो. असं करत करत आम्ही चक्क फायनलला पोचलो, आणि नेमकी आत्ता गोलकीपरची आजी अडून बसली आहे, "त्या गाडीत माझं पोर बसणार नाही." भाऊजी, मला रडू येतं हो कधीकधी.

बाकी सगळं क्षेम. पोरांना आशीर्वाद.

ता.क. पत्राचं खरं कारण : रविवारी तुमची शाळेची बस द्याल का? नाहीतर फायनल सोडावी लागेल.

ता.क. २. पाकीट चिकटवणार, तोच शववाहिनीवाला दारात. आजीही इथेच होत्या, पुन्हा भांडायला आलेल्या. मी भीत भीत त्यांचं म्हणणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. पण इतकी वर्षं माझी गाडी माणूस पोचवून रिकामी परत येते. गाणी म्हणत परत येणारी ही पोरंच पहिली." आजी उठून गाडीत डोकावून आल्या. तेव्हा बस नको, डिझेलचं तेवढं बघा. आजीही येणार आहेत. म्हणाल्या, "मी पुढे बसेन. मागे झोपायला अजून अवकाश आहे."