बाहेर बोलायचं नाही

१० मार्च २०२४

तोडली जोडी! झालं एकदाचं!

बोरिवलीचा हॉल गच्च भरलेला. अक्षता मार खाऊन खाऊन सरपटत माझ्या कोपऱ्यापर्यंत आली, हात वर केला. मी दोरीबाहेर उभी. तिच्या हाताला हात लावायचा आणि तिच्या जागी रिंगमध्ये उतरायचं – जोडीची कुस्ती एवढीच तर असते. आणि मी हात मागे घेतला! खाली उतरले, चालू लागले. मागे वळून बघायचं नाही असं चंद्रप्रकाश सरांनी बजावलं होतं. नाही बघितलं. पहिल्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "मेल्ये, वाटोळं होईल तुझं!"

वर्षभर तयारी केली या एका क्षणाची. आधी हात जरा उशिरा द्यायचा. मग एकदा ती जिंकल्यावर तिच्याकडे न बघता टॉवेल उचलून निघायचं. सर जपानमध्ये ही ठरवून खेळायची, स्टोरीची कुस्ती खेळून आलेत. ते म्हणतात, "आपल्या मालिकांत जोडी एका भागात तुटते. तिकडे वर्षं घेतात. आधी लोकांना संशय येऊ द्यायचा. मग तो खोटा वाटू द्यायचा. मग तोडायची." जपानी जोड्यांच्या जुन्या मॅच दाखवायचे आम्हाला. मी आणि अक्षता एका मोबाइलवर, एकेक इअरफोन कानात घालून बघायचो.

कपडे बदलताना ती रडत होती. मग मीही रडले. मग मी हसले. खडीसाखर फुटली! (मी खडी, ती साखर. टीमचं नाव मीच ठेवलं. तिला दुसरं काहीतरी हवं होतं, काय ते आता आठवत नाही.)

१२ मार्च

मुलुंडला आमची रिंग आहे त्या गाळ्याबाहेर, चहाच्या टपरीवर अक्षता थांबली होती.

"मनाली, ऐक ना. सरांनी सांगितलंय, आता बाहेर पण भेटायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही, बोलायचंच नाही. जपानमध्ये असंच करतात. कोणी आपल्याला एकत्र बघितलं तर स्टोरीची वाट लागेल."

"कधीपर्यंत?"

"परत जोडी होईपर्यंत."

"म्हणजे वर्षभर? थांब, विचारतेच सरांना."

"नको ना गं. त्यांना असं विचारलेलं आवडतं का? माहितीये ना तुला."

तेही खरंच. सरांना 'का' विचारलं की शंभर बैठका. आणि जपानचं म्हटल्यावर तर बोलायची सोयच नाही.

आठवीपासूनची मैत्रीण. एक दिवस बोलल्याशिवाय गेला नाही. पण ठीक आहे. करायचं तर नीट करायचं.

१३ मार्च

सकाळी फोन घेतला, 'उठलीस का गं म्हशी' लिहिलं, पाठवायच्या आधी पुसलं. रोज मीच उठवते तिला. आता कोण उठवणार?

४ एप्रिल

अक्षताने संध्याकाळची बॅच घेतली. मी सकाळची. म्हणजे गाळ्यातसुद्धा गाठ नाही.

आरे कॉलनीत एकटीच धावले. ती मागे पडायची आणि मी ओरडायचे. आज ओरडायला कोणी नाही. तबेल्याजवळ म्हशी उभ्या होत्या, त्यांच्यावर ओरडले. एकीने मान वळवली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

घरी आई – "ती अक्षता खंय गेली गो? दिसाक नाय ती." म्हटलं, कामात आहे. आईला खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळेल. सोसायटीतले लोक तर मला दगाबाजच समजतात. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊराव काका लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभे राहिले! नातवाबरोबर मॅच बघायला आले होते म्हणे. हसू आलं. मग घरात येऊन दार लावलं आणि अजिबात हसू आलं नाही.

१९ जून

तिचा वाढदिवस. दरवर्षी केक मी निवडते, तिला काही सुचत नाही. आज कुठला आणला असेल?

नियम म्हणजे नियम.

११ ऑगस्ट

मढला शूटिंग. बंगल्यातल्या जिन्यावरून मालिकेतल्या सुनेच्या जागी मी पडते. पोट यावरच चालतं. तीनदा पडले, चौथ्यांदा दिग्दर्शक म्हणाला पहिलंच बरं होतं.

वर्सोव्याला परतताना बोटीत फोन बघत होते. समोर फोटो – अक्षताचा साखरपुडा. गुलाबी साडी. शेजारी सौरभ नावाचा कोणीतरी. चेहऱ्याने बरा आहे.

मला माहीतही नाही! मला विचारलंसुद्धा नाही! गुलाबी तिला अजिबात शोभत नाही, मी असते तर नेसूच दिली नसती. मागे तो बँकेतला मुलगा आला होता, त्याला तिच्या वतीने नकार मीच कळवला होता. तिला कुठे जमतं तोंड उघडायला? दोघींचं मिळून मीच तर बोलायचे. मग ह्या वेळी कोण बोललं?

मग डोकं शांत झाल्यावर कळलं. अगं, नियम! स्वतःच्या साखरपुड्याला बोलावलं नाही, का, तर स्टोरी फुटू नये! मला नसतं जमलं हे. अख्ख्या मुंबईला पत्रिका वाटली असती मी. काय बाई आहे! मानलं तिला!

मानलं, आणि तरी रडले. शेजारच्या मासळीवालीने विचारलं, "काय झालं गो पोरी?" म्हटलं, जिन्यावरून पडले.

३० सप्टेंबर

घाटकोपरच्या बाजारात अक्षताची आई भेटली. सुलक्षणा काकूंना टाळायचं म्हणून वळले, तर त्यांनीच हाक मारली.

"गावाहून कधी आलीस गं? साखरपुड्याला तू हवी होतीस. अक्षता म्हणाली तू कणकवलीला गेलीयस."

मी म्हटलं, हो काकू, जावं लागलं.

"भांडलात का गं दोघी? ती पण काही बोलत नाही. पण हल्ली खुशीत असते हो. बोलते, गाते..."

अक्षता गाते? मला कधी ऐकवलं नाही.

म्हटलं, नाही हो काकू, भांडण कसलं! त्यांनी गालावरून हात फिरवला, तेव्हा मात्र सगळं सांगून टाकावंसं वाटलं. की काकू, मी नाही सोडलं तुमच्या मुलीला, ते नाटक आहे, माझा जीव अडकलाय तिच्यात. जीभ चावली आणि भाजी घेतली. घरी येऊन बघते तर दोन किलो दुधी. आमच्याकडे दुधी कोणी खात नाही.

सख्ख्या आईला पत्ता लागू दिला नाही पोरीने! सर म्हणतात तशी अस्सल जपानी.

२४ नोव्हेंबर

पहिल्यांदा समोरासमोर. तिच्याबरोबर गंधाली, तिची नवी पार्टनर. माझ्याबरोबर कोणी का असेना.

आम्ही छातीवर चापटा मारतो त्या खऱ्याच असतात, फक्त जोर ठरलेला असतो. आज तिने ठरल्यापेक्षा जोरात मारल्या. एकामागून एक. थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हॉल वेडा झाला होता.

नंतर पॅसेजमधून जाताना आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हटलं, "मस्त मारलंस." तिने वरही बघितलं नाही. बॅग उचलली आणि गेली. सर दारात उभे होते. म्हणाले, "तुम्ही दोघी फारच मनावर घेता बुवा."

सरांकडून पावती! वर्षात पहिल्यांदा.

छाती अजून लाल आहे. आईने हळद लावली. "कोणी मारल्यान?" म्हणाली. मी नाव नाही सांगितलं.

५ जानेवारी २०२५

मला तिची आठवण येते. स्टोरी गेली खड्ड्यात.

(रागात लिहिलं. खोडत नाही.)

२ फेब्रुवारी

आला दिवस! सरांनी दोघींना बोलावून शेवट सांगितला. गंधाली तिला मध्येच टाकून निघून जाणार. अक्षता एकटी, समोर दोघी. मग मी लोकांतून येणार, तिच्या रिकाम्या कोपऱ्यात उभी राहणार, हात पुढे करणार. "अक्षता, तू हाताकडे बघायचं. मनात तीन मोजायचे. मग धरायचा. बास. बाकी लोक करतील."

अक्षता म्हणाली, "सर, आणि नाही धरला तर?"

सर हसले. "तर आणखी एक वर्ष!"

आता ही सरांचीसुद्धा फिरकी घ्यायला लागली! पूर्वी त्यांच्यासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मला आतून इतकं बरं वाटलं. बारीक झालीय जरा. केस कापलेत, खांद्यापर्यंत. मी कधी कापू दिले नसते, पण चांगले दिसतात.

१५ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहायला बसले.

दोरीशी पोचले तेव्हाच लोक उभे राहिले होते. अक्षता मॅटवर पालथी. हात पुढे केला. तिने मान वर केली, बघितलं. एक, दोन, तीन. धरेना! चार. पाच. पुढचं मोजलं नाही. नुसती बघतेय माझ्या हाताकडे. हॉलभर एकच आवाज – "धर! धर! धर!" पहिल्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. मला खरंच भीती वाटली. ओठ न हलवता म्हटलं, "अक्षू, धर ना गं."

धरला.

गार होता तिचा हात. मग पुढचं काही आठवत नाही, नुसता गोंगाट. जिंकलो. मी तिला मिठी मारली, कानात म्हटलं, "संपलं गं एकदाचं!" तिने मिठी सोडवली. दमली होती.

काय टायमिंग! सरांनी तीन सांगितले होते, हिने ताणून ताणून लोकांचा जीव काढला. वर्षभराचं सगळं वसूल झालं. प्रत्येक न पाठवलेला मेसेज, भाऊराव काकांची पाठ, तो दुधी, सगळं.

मी बाहेर येईपर्यंत ती निघून गेली होती. सौरभ घ्यायला आला होता म्हणे. असू दे. उद्या सरांना रीतसर विचारते आणि थेट घाटकोपर गाठते. किती बोलायचंय! लग्नाच्या साड्या राहिल्या असतील अजून, त्या मीच निवडणार. सौरभलाही नीट बघून घ्यायचंय.

आज झोप लागणार नाही. न लागू दे.

१६ फेब्रुवारी

सरांना फोन केला. म्हटलं, सर, आता नियम उठला ना? अक्षताकडे जाऊ?

"कसला नियम?"

म्हटलं, बाहेर भेटायचं नाही, बोलायचं नाही, तो. तुम्ही तिला सांगितलेला. जपानमध्ये करतात तसा.

सर म्हणाले, "मी कशाला असं सांगेन? मी आणि माझा पार्टनर वर्षभर एकमेकांना मारत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. भात एकाच कुकरमध्ये लावायचो. कोण म्हणालं तुला?"

म्हटलं, कोणी नाही सर. माझाच काहीतरी घोटाळा झाला.

"बरं. पोस्टर छापायला टाकलंय. आता निदान तीन वर्षं जोडी तोडायची नाही."

हो म्हटलं.