पान तीन, खालचा कोपरा

३ नोव्हेंबर

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या पेपरात जाहिरातीची जागा आता कॉम्प्युटरवर लिलावाने मिळते म्हणे! चाळीस वर्षं तिथेच जाहिराती जुळवल्या मी, तेव्हा खिडकीपाशी येऊन माणसं हळू आवाजात मजकूर सांगायची. असो. तुझ्या आईच्या स्मरणदिनाच्या दोन ओळी दरसाल छापतो, तो पान तीनचा खालचा कोपरा मला हवाच. लायब्ररीतल्या बाईंनी बोली लावून दिली. पण कुणी 'खरेदीदार एकेचाळीस' माझ्या बोलीवर सारखी चढी बोली लावतोय! त्याचंही कुणी गेलं असेल का गं?

यंदाच्या ओळी:
दार लोटिले नाही अजुनी,
वारा येतो पाउल पुसुनी.

शाळेतल्या गुरुजींनी मात्रा मोजून पाठ थोपटली असती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बाबा

६ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

तुम्ही आणि तुमच्या मात्रा! बोली संपेपर्यंत समोरचा कोण ते आम्हा कर्मचाऱ्यांनाही दिसत नाही. तुम्ही कमाल आकडा लिहून ठेवा, मशीन तुमच्या वतीने पायरीपायरीने चढेल. पण हट्टाला पेटू नका, शेजारचा कोपराही तेवढाच चांगला.

काल फोन केला होता. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दादाच बोलला. तुम्ही झोपलात म्हणाला. सकाळी अकराला?

तुमची,
छकुली

१० नोव्हेंबर

चि. छकुलीस आशीर्वाद.

जिंकलो! एकेचाळीस शेवटी दमला. बिचाऱ्याचं वाईटही वाटलं. त्याला माझ्या शेजारी जागा देता आली असती तर दोघांची माणसं एका पानावर नांदली असती.

मी अकराला झोपत नाही, तुला ठाऊक आहे. दादाचं काही मनावर घेऊ नकोस, हल्ली तो फार काळजी घेतो. वीजमीटर नावावर करायचंय म्हणून गेल्या महिन्यात मला कचेरीत नेऊन सह्या घेतल्या. चष्मा घरी राहिला होता, त्यानेच बोट ठेवून जागा दाखवल्या. काल दोन माणसं येऊन टेपने खोल्या मोजून गेली. रंग काढायचाय म्हणे. तुझ्या आईच्या खोलीत त्यांनी चपला काढल्या नाहीत, एवढंच खटकलं.

आठवण काढत जा, मीही काढतो.
बाबा

१८ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

हे पत्र मुद्दाम लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं तर दादाच्या हाती पडेल. बसून वाचा.

लिलाव संपल्यावर एकेचाळीसचा मजकूर माझ्या टेबलावर आला. तो कुणाच्या आठवणीचा नाही. ती जाहीर नोटीस आहे, आपल्या घराच्या विक्रीची. तुम्ही मुखत्यारपत्र दिलंय, त्या जोरावर दादा विकतोय. वीजमीटर कसलं, बाबा, तुम्ही त्या मुखत्यारपत्रावरच सह्या केल्यात. आपल्या पेपरात ती कोपऱ्यात आली असती, तर चहाचा पहिला घोट घेता घेता तुम्हीच वाचली असती. तुम्ही तिला हटवलंत, म्हणून घर घेणाऱ्यांनी ती दुसऱ्याच एका साप्ताहिकात छापली, जे गावात कुणी उघडत नाही.

मी वकिलांना विचारलं. घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, माझी हरकत चालत नाही. नोटिशीची मुदत चोवीस तारखेची, त्याआत तुम्ही स्वतः नोंदणी कचेरीत हजर राहून 'हे मला मान्य नाही' म्हणायला हवं. मला बावीसला रजा मिळाली आहे, सकाळच्या गाडीने येते. तोवर घर सोडू नका. दादाला काही बोलू नका. नवीन कुठेही सही करू नका.

तुमचीच,
छकुली

१९ नोव्हेंबर

चि. छकुलीस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, कामात असशील. माझ्या ओळी छापून आल्या, कात्रण सोबत धाडतो. शाई बोटाला लागते अजून, बरं वाटलं.

गंमत ऐक. दादा मला हवापालटाला नेतोय, महिनाभर! उद्या पहाटेच निघायचं. ठिकाण विचारलं तर म्हणाला, बाबा, मजा घालवू नका. लायब्ररीत निरोप घेऊन येतो म्हटलं, तर तोच म्हणाला, मी सांगून ठेवतो, तुमचं काही टपाल तिथे आलं तर साठवून ठेवतील. किती करतो गं माझ्यासाठी! नवा पत्ता कळला की लगेच लिहीन.

सामान त्यानेच बांधलं. तुझ्या आईचा फोटोही भिंतीवरून उतरवून माझ्या बॅगेत घातलाय. महिन्याभरासाठी कशाला, म्हटलं. त्याने बॅगेची चेन ओढून घेतली.

जिथे असेन तिथून तुझाच,
बाबा